रूबीत मेथडचा माग काढताना

रूबीत चालत्या प्रोग्रामच्या मेथड बदलता येतात. त्यामुळे कोणती मेथड कधी कॉल झाली, हे टिपणारा ट्रेसर दहाएक ओळींत लिहून होतो. या ओळी किती घोळ घालू शकतात, ते मी एका बिलिंगच्या प्रकल्पात पाहिलं. टेस्ट सर्व्हरवर बिलांतली सवलत गायब व्हायची आणि ट्रेसर काढला की बिल बरोबर यायचं. ट्रेसर लावला होता भलताच बग शोधायला. हा दुसरा बग त्यानेच आणला होता.

मूळ मेथडभोवती गुंडाळलेल्या मेथडची शेवटची ओळ 'पुट्स' होती. रूबीत शेवटच्या ओळीचं उत्तर हेच मेथडचं उत्तर आणि 'पुट्स' कायम 'निल' देतं. पुढच्या कोडमध्ये 'निल आलं तर शून्य धरा' अशी सोय असल्याने एररही आली नाही. म्हणून बाहेर पडतानाची नोंद 'एन्शुअर'मध्ये करा. त्यात स्वतःहून 'रिटर्न' लिहिलं नाही, तर मूळ उत्तर शाबूत राहतं आणि एक्सेप्शन आलं तरी नोंद होते.

असे खड्डे आणखीही आहेत. रूबी 3.0 पासून कीवर्ड आर्ग्युमेंट वेगळी धरली जातात. गुंडाळणाऱ्या मेथडने ती आणि ब्लॉक, दोन्ही जसंच्या तसं पुढे द्यायला हवं. प्रायव्हेट मेथड 'डिफाइन_मेथड'ने गुंडाळली की ती गुपचूप पब्लिक होऊ शकते. 'मेथड_ॲडेड' हुकमध्ये नवी मेथड लिहिली की तोच हुक पुन्हा चालतो. मध्ये अडसर नसेल तर स्टॅक भरेपर्यंत थांबत नाही. आर्ग्युमेंट छापायला 'इन्स्पेक्ट' वापरलं आणि ते रेल्सचं रिलेशन निघालं, तर नुसत्या छापण्यापायी डेटाबेसवर क्वेरी जाते. शिवाय पासवर्ड आणि टोकन लॉगमध्ये पडतात, ते वेगळंच.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी काहीही न बदलता विचारायचं: 'ओनर' सांगतं मेथड कोणत्या क्लासची किंवा मॉड्यूलची, 'सोर्स_लोकेशन' फाइल आणि ओळ दाखवतं, 'सुपर_मेथड' वरची मेथड देतं. निम्म्या शंका इथेच फिटतात. मग 'ट्रेसपॉइंट'. तो 2013 साली रूबी 2.0 मध्ये आला. मेथडला हात न लावता तो कॉल आणि रिटर्न टिपतो. 'इनेबल'ला ब्लॉक दिला की ब्लॉक संपताच बंदही होतो. सीमध्ये लिहिलेल्या मेथडसाठी मात्र 'सी_कॉल' वेगळा मागावा लागतो. वेग मंदावतो, म्हणून तपासायचा भाग लहान ठेवा.

मेथड गुंडाळल्याशिवाय भागणारच नसेल, तर 'प्रीपेंड' घ्या आणि आतून 'सुपर' कॉल करा. जुन्या 'अलायस_मेथड'च्या साखळीशी त्याची सरमिसळ केलीत, तर दोघं एकमेकांना अखंड कॉल करत बसू शकतात. एकदा प्रीपेंड केलेलं मॉड्यूल चालत्या प्रोसेसमधून सरळ काढून टाकायची सोय रूबीत नाही, हेही आधीच लक्षात घ्या.

ट्रेसर लावून आणि काढून, दोन्ही वेळा टेस्ट चालवा. निकाल वेगळे आले, तर आधी ट्रेसर दुरुस्त करा. तोवर त्याच्या नोंदींवर विसंबू नका.