गवताळ माळाची काळी चिकण जमीन : ओळख, वर्णन आणि वर्गीकरण

वसई-विरारच्या पश्चिमेकडील वाड्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. अर्नाळ्यापासून वसईपर्यंतच्या रेताड पोयट्यावर केळी, भाजीपाला आणि फुलझाडे होतात. रेल्वेमार्ग ओलांडून पूर्वेला शिरसाड, पारोळ, भाताणे, कामण या भागात गेले की जमीन बदलते. तुंगारेश्वरच्या उतारावर वरकस, तानसा आणि वैतरणेच्या बाजूला सखल भातखाचरे आणि त्यांच्या मधोमध गवताचे माळ. या माळांवरील गवत कापून, त्याच्या गाठी बांधून मुंबईकडील तबेल्यांना पुरविण्याचा व्यवसाय जुना आहे. असा माळ मोडून तेथे आंबा किंवा चिकू लावावा असा विचार आज बरेच शेतकरी करतात. "जमीन काळी आहे, तेव्हा ती कसदार असणारच" असे त्यामागे गृहीत धरलेले असते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हे गृहीत धोक्याचे आहे. काळ्या रंगाखाली तीन निरनिराळ्या जमिनी असू शकतात : खोल आणि भेगाळणारी चिकण जमीन, मुरुमावरील उथळ चिकण जमीन आणि खाडीकडील खारवट चिकण जमीन. तिन्ही वरून सारख्या दिसतात, परंतु तिघींचा उपयोग वेगळा आहे. फळझाड लावल्यानंतर चूक लक्षात यायला पाच-सहा वर्षे लागतात. एक मीटर खोल खड्डा घेतला तर ती एका दिवसात कळते.

ही जमीन कशी तयार झाली?

आपल्याकडील काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेला बेसॉल्ट. या भागात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि बहुधा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या काळात पडतो. उतारावरील कातळ झिजताना त्यातील चुना, मॅग्नेशियम आणि सिलिका पाण्याबरोबर खाली वाहून जातात. मागे लोह उरते, म्हणून उतारावरील माती तांबूस दिसते. खालच्या सपाटीवर हीच द्रव्ये साठून माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती तयार होते. एकाच कातळापासून वर तांबडी आणि खाली काळी जमीन होते ती अशी.

काळा रंग हा भरपूर सेंद्रिय पदार्थाचा पुरावा नव्हे. थोडासा कुजलेला सेंद्रिय अंश या चिकणमातीच्या कणांशी घट्ट बांधला जातो आणि सगळी माती काळी दिसते. सेंद्रिय कर्ब एक टक्क्याहून कमी असलेली जमीनही काळीभोर असू शकते.

माँटमोरिलोनाइटचे कण पापुद्र्यांसारखे एकावर एक रचलेले असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, पाणी निघून गेले की आकसते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांत वरची भुसभुशीत माती ढासळते. पावसाळ्यात खालची माती फुगली की तिला जागा पुरत नाही, ढेकळे एकमेकांवर दाबली जाऊन तिरपी सरकतात. त्यामुळे ही जमीन वर्षानुवर्षे आपोआप खालीवर होत राहते. न नांगरलेल्या माळावर लहान उंचवटे आणि खळगे दिसतात, त्याचे एक कारण हेही असते.

जमिनीचे वर्णन कसे करावे?

मार्च ते मे हा काळ योग्य. माळाचा उतार, पाणी साचण्याच्या जागा आणि गवताचे प्रकार प्रथम वहीत लिहावेत. नंतर प्रातिनिधिक जागी एक मीटर रुंद, दीड मीटर लांब आणि एक मीटर खोल खड्डा घ्यावा. त्याची एक बाजू सूर्यप्रकाशात येईल अशी ठेवावी. ओल्या मातीत खड्ड्याची भिंत ढासळते म्हणून पावसाळ्यात असा खड्डा घेऊ नये. पाहणी झाल्यावर जनावर पडू नये यासाठी तो लगेच बुजवावा. प्रत्येक थराची खोली पट्टीने मोजून पुढील बाबी नोंदवाव्यात.

१) रंग : ओल्या मातीचा रंग पाहावा. तज्ज्ञ यासाठी मन्सेल रंगतक्ता वापरतात. आपण गडद काळा, करडा, तपकिरी एवढे लिहिले तरी चालते. करड्या मातीत गंजासारखे तांबूस ठिपके दिसल्यास त्या खोलीपर्यंत पाणी तुंबते असे समजावे.

२) पोत : ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक कणांना चिकणमाती म्हणतात. माती भिजवून, मळून अंगठा आणि तर्जनी यांमध्ये दाबत तिची पट्टी काढावी. पट्टी ५ सें.मी.हून लांब निघाली तर चिकणमातीचे प्रमाण भरपूर आहे.

३) भेगा : भेगेची रुंदी पट्टीने आणि खोली पातळ तारेने मोजावी. भेगा कोणत्या महिन्यात उघडतात आणि केव्हा मिटतात हेही लिहून ठेवावे.

४) चकचकीत पृष्ठे : खालच्या थरातील ढेकूळ हाताने फोडावे. घासून गुळगुळीत झालेली, रेघा उमटलेली, तिरपी पृष्ठे दिसली तर माती एकमेकांवर सरकते याची ती खूण होय. शास्त्रीय भाषेत यांना स्लिकनसाइड म्हणतात.

५) आकसणे : मळलेल्या मातीची बरोबर १० सें.मी. लांबीची कांडी करून सावलीत पूर्ण वाळवावी. ती ९.४ सें.मी. किंवा त्याहून लहान झाली तर माती फार आकसणारी आहे.

६) चुनखडी, मुरूम आणि मुळे : चुनखडीचे खडे किती खोलीवर लागतात, मुरूम किंवा कातळ कोठे सुरू होतो आणि गवताची मुळे कोठपर्यंत पोचली आहेत हे पाहावे.

७) क्षार : उन्हाळ्यात पांढरा पापुद्रा, मातीत शिंपले किंवा मोरससारख्या मांसल पानांच्या वनस्पती आढळल्यास क्षारांची तपासणी अवश्य करावी.

वर्गीकरण कसे होते?

आपल्या देशात जमिनींच्या शास्त्रीय वर्गीकरणासाठी अमेरिकेत १९७५ साली प्रसिद्ध झालेली आणि १९९९ साली सुधारलेली पद्धत वापरली जाते. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे नकाशेही त्याच आधारे तयार होतात. या पद्धतीत रंगाला गौण स्थान आहे.

जमीन वर्टिसॉल गणात बसण्यासाठी तीन अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली, वरपासून ५० सें.मी. खोलीपर्यंत चिकणमाती ३० टक्के किंवा अधिक. दुसरी, एक मीटरच्या आत किमान २५ सें.मी. जाडीचा चकचकीत पृष्ठांचा किंवा पाचरीच्या आकाराच्या ढेकळांचा थर. तिसरी, ठराविक काळाने उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या भेगा. आपल्या हवामानात अशी जमीन बहुधा हॅप्लस्टर्ट या गटात जाते. भेगा पडतात, पण तो थर पुरेसा जाड नाही, अशी मध्यम खोल जमीन इनसेप्टिसॉल गणात व्हर्टिक हॅप्लस्टेप्ट ठरू शकते. ५० सें.मी.च्या आत कठीण कातळ लागला तर नावाला लिथिक हे विशेषण जोडतात.

उदाहरणादाखल, समजा एका माळावर वरपासून ४० सें.मी.पर्यंत काळी चिकणमाती आहे. पट्टी ६ सें.मी. निघते, भेगाही पडतात. परंतु ४० सें.मी.ला कठीण कातळ लागतो आणि चकचकीत पृष्ठे नाहीत. ही जमीन काळी आहे, चिकण आहे, भेगाळतेही, तरी ती वर्टिसॉल नव्हे. आंब्याच्या मुळांना तेथे खाली जायला जागाच नाही.

वर्गीकरणावरून काय ठरवावे?

खोल भेगाळणारी जमीन : पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून भरभर आत जाते. माती फुगून भेगा मिटल्या की पाणी मुरणे जवळजवळ थांबते आणि ते वर साचते. पावसाळ्यात मुळे गुदमरतात, उन्हाळ्यात भेगांमुळे तुटतात. आंबा आणि चिकूसाठी ही जमीन निवडू नये. मारवेलसारखे गवत मात्र येथे चांगले वाढते. ओल्या जमिनीवर गुरे सोडल्यास खुरांनी माती दाबली जाते, म्हणून पृष्ठभाग टणक होईपर्यंत चराई बंद ठेवावी. गवत निम्मे फुलोऱ्यात असताना कापावे. बी गळेपर्यंत थांबल्यास वजन दिसते, परंतु प्रथिने कमी होतात. सतत पाणी साचणाऱ्या खळग्यात पॅरा गवत लावावे.

मुरुमावरील उथळ जमीन : उतारावर ती नांगरू नये, कारण आहे तेवढा थरही वाहून जाईल. निचरा चांगला असेल तेथे गवतात स्टायलो मिसळून पेरल्यास चाऱ्याचा दर्जा सुधारतो.

खारवट जमीन : संपृक्त अर्काची विद्युतवाहकता मीटरला ४ डेसिसायमनहून अधिक असल्यास जमीन क्षारयुक्त समजतात. बांध नीट राखून पावसाच्या गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढावेत. भातासाठी पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ या क्षारसहनशील जातींचा विचार करावा. खाडीकाठची खारफुटी तोडू नये.

आणखी एक गोष्ट. सपाट चिकण माळ भराव घालून उंच केला की तेथे साचणारे पाणी नाहीसे होत नाही, ते शेजाऱ्याच्या खाचरात जाते. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरार किती दिवस पाण्यात होते हे आपण पाहिले आहे. माळावरील नैसर्गिक ओहोळ बुजवू नयेत. अशा जमिनीवर गोठा किंवा कुंपणाची भिंत बांधतानाही पाया फुगणाऱ्या थरावर ठेवू नये, नाहीतर भिंतीला तडे जातात.

आरोग्य पत्रिका पुरेशी आहे का?

२०१५ साली सुरू झालेल्या योजनेतील मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, विद्युतवाहकता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्ये अशा बारा बाबी असतात. खतांसाठी ती उपयुक्त आहे. परंतु तिचा नमुना वरच्या थराचा असतो. खोली, भेगा, कातळ आणि पाण्याचा निचरा यांविषयी ती काहीच सांगत नाही. शिवाय प्रयोगशाळेत विद्युतवाहकता साधारणतः माती आणि पाणी १:२.५ या प्रमाणात घेऊन मोजतात. तो आकडा संपृक्त अर्काच्या आकड्याहून कमी येतो, म्हणून वरील ४ या मर्यादेशी त्याची थेट तुलना करू नये.

खड्ड्यातील प्रत्येक थराचा अर्धा किलो नमुना वेगळ्या पिशवीत भरावा. खोली लिहिलेली चिठ्ठी आणि वहीतील नोंदी यांसह तो कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत दाखवावा. नोंदी सोबत असल्या तर सल्ला देणाऱ्यालाही नेमके सांगता येते.

गवताचा माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. कित्येक ठिकाणी त्या मातीला झेपणारे तेच सर्वांत योग्य पीक असते. माळ मोडायचा की राखायचा हा निर्णय आपलाच आहे, पण तो रंग पाहून न घेता खड्डा पाहून घ्यावा.