मनाचा आघात आणि हृदयाचे दुखणे

जिवलगाचा मृत्यू, अपघात किंवा अचानक कोसळलेले आर्थिक संकट यांनंतर काही तासांतच एखाद्या वयस्क स्त्रीच्या छातीत दुखू लागते, दम लागतो. घरची मंडळी म्हणतात, ‘तिने धसका घेतला आहे.’ असा धसका हृदयाच्या स्नायूला खरोखरच दुर्बळ करू शकतो. जपानमधील डॉक्टरांनी १९९० साली या विकाराचे वर्णन केले. यात हृदयाचा डावा खालचा कप्पा टोकाशी फुगतो व तेथील ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो. म्हणून ‘टाकोत्सुबो’ हे नाव पडले. दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींची पाळी थांबलेली असते.

आघातसमयी रक्तात उसळणारी ॲड्रिनलिनसारखी संप्रेरके हे याचे प्रमुख कारण मानले जाते. महाराष्ट्राला ही प्रक्रिया अपरिचित नाही. विंचूदंशातही अशीच संप्रेरके हृदयाला खचवितात, हे ओळखून महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केला.

पहिल्या ईसीजीवरून हा विकार आणि हृदयविकाराचा झटका यांतील भेद खात्रीने करता येत नाही. दोहोंत एसटी भाग वर उचललेला दिसू शकतो. रक्तातील ट्रोपोनिनही वाढते. म्हणून प्रथम झटकाच गृहीत धरून उपचार करावे लागतात. अँजिओग्राफीत या दुर्बलतेचा उलगडा करील असा अडथळा धमन्यांत न आढळणे आणि इकोमध्ये कप्प्याचा विशिष्ट फुगवटा दिसणे, यांवरून निदान होते. बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते.

तथापि, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टी तरंग उलटे होतात व क्यूटी अंतर लांबते. ते ५०० मिलिसेकंदांपलीकडे गेल्यास हृदयगतीत प्राणघातक अनियमितता उद्भवू शकते. नेमके याच वेळी रुग्णाला बरे वाटू लागलेले असते आणि घरी तेरवीची तयारी सुरू असते.

म्हणून आमची नम्र विनंती : सालेकसा असो वा देवरी, ‘धसका आहे, उतरेल’ म्हणून दुखणे घरी काढू नये. घडलेला आघात व सुरू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत. काही प्रतिजैविके व मनोविकारांवरील गोळ्याही क्यूटी वाढवितात. आणि ईसीजी सुधारल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत रुग्णाला घरी नेण्याची घाई करू नये.