फोर बाय फोरचा आर्म फोर बाय टूला बसेल का?

पुस्तकात डबल विशबोन सस्पेन्शनची आकृती आपण सगळ्यांनीच काढली आहे. दोन आर्म, एक स्प्रिंग, एक चाक. पुढच्या चाकाला फिरवणारा शाफ्ट त्या आकृतीत बहुधा नसतोच, आणि खरी गोम तिथंच आहे.

दिवाळीच्या सुटीत लातूरला मामांची स्कॉर्पिओ उभी होती. एमहॉक इंजिनाची जुनी गाडी, फोर बाय टू. पुढचा डावा लोअर आर्म वाकलेला. नांदेडच्या एका भंगारवाल्याकडं त्याच मॉडेलच्या फोर बाय फोरचा आर्म स्वस्तात मिळत होता. मिस्त्री म्हणाले, "बसंल की, गाडी तर एकच हाय." मामा याच गाडीत अहमदपूर-लोहा मार्गे नांदेडला भाड्यानं माणसं नेतात. म्हणाले, "इंजिनिअर, आता तूच सांग."

फोर बाय टूमध्ये कॉइल स्प्रिंग लोअर आर्मवर बसते. फोर बाय फोरमध्ये तिथूनच ड्राइव्ह शाफ्ट चाकाकडं जातो. म्हणून त्या गाडीत कॉइलऐवजी टॉर्शन बार दिला. हा लांब पोलादी दांडा. एक टोक आर्मच्या पिव्होटपाशी, दुसरं चासीला. आर्म वर गेला की दांड्याला पीळ बसतो, तीच स्प्रिंग. अमेरिकेतल्या शेव्हरले एस-१० पिकअपमध्येही (१९८२ ते २००४) हीच वाटणी होती.

आता गोल आकडे धरून हिशेब करू. चाकावर भार ५००० न्यूटन, आर्म ३६० मिलिमीटर, कॉइल बरोबर मधोमध. म्हणजे कॉइलवर १०,००० न्यूटन येतात आणि आर्म वाकायला बघतो. टॉर्शन बार असेल तर तोच भार पिव्होटपाशी १८०० न्यूटन-मीटर पीळ होऊन येतो. दोन्ही आर्म दिसायला चुलतभाऊ, पण कामं वेगळी. मामांच्या गाडीत तो आर्म लावला असता तर कॉइलला बसायला जागा नाही आणि चासीवर बारचं टोक धरायला काही नाही. गाडी उभी कशावर राहणार?

पण फोर बाय फोर म्हणजे टॉर्शन बारच, असंही पाठ करू नका. २०१० च्या थार सीआरडीईला टॉर्शन बार होता. २०२० च्या थारला पुढं कॉइल आहे आणि शाफ्टही आहे. गाडीखाली जाऊन बघावंच लागतं.

अप्पर आर्मचं प्रकरण जरा सोपं. स्प्रिंग खालच्या आर्मवर असली की भार लोअर बॉल जॉइंट उचलतो, वरचा आर्म मुख्यतः चाक उभं धरतो. त्यामुळं तो दोन्हींत सारखा असू शकतो. तरी पार्ट नंबर जुळवाच. दोन बॉल जॉइंटमध्ये २५० मिलिमीटर अंतर असेल आणि आर्म ५ मिलिमीटरनं लांब निघाला, तर कॅम्बर सव्वा अंशाच्या आसपास बदलतो; टायर एका कडेनं खाल्ला जातो. बॉल जॉइंटच्या पिनेचा टेपरही बघा. तो जुळला नाही तर नट कितीही आवळा, पिन आत हलत राहते आणि एक दिवस तुटते.

वाकलेला आर्म तापवून सरळ करायचा बेतही निघाला होता, तो मी हाणून पाडला. तापवलं की पोलादाची ताकद किती उरली ते डोळ्यांना दिसत नाही. शेवटी लातुरातच फोर बाय टूचा नवा आर्म मिळाला. पैसे जास्त गेले, मामा दोन दिवस कुरकुरले. बसवताना बुशचे बोल्ट आधी हातानं लावले आणि गाडी जॅकवरून उतरवून, चार चाकांवर उभी करून मग आवळले. लोंबकळत्या आर्मवर आवळले तर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.