हार्पवर भूप वाजेल का?

प्रश्न : मुलगी डब्लिनला असते. तिने मला सव्वीस तारांची छोटी हार्प आणून दिली आहे. मी हौसेने पेटी वाजवतो, वय साठीच्या पुढे. हार्प म्हणजे उभं स्वरमंडळच ना? तिच्यावर आपले राग वाजतील?
— एक वाचक, सांगली

उत्तर : राग वाजतील, सगळे नाहीत. पण हार्प म्हणजे स्वरमंडळ नव्हे. स्वरमंडळाच्या तारा लाकडी पेटीवर आडव्या, तिला समांतर असतात. गाणारा त्या छेडतो आणि गाण्यामागे स्वर भरून ठेवतो. हार्पच्या तारा खालच्या फळीतून निघून वरच्या मानेपर्यंत जातात. दोन्ही हात दोन बाजूंनी तारांपर्यंत पोचतात, त्यामुळे उजव्या हाताने धून आणि डाव्याने साथ, असं एकट्यालाच वाजवता येतं. करंगळी मात्र वापरत नाहीत.

मानेवर तारांपाशी छोटे लिव्हर दिसतील. लिव्हर वर केला की ती तार अर्धा स्वर चढते. हाताने स्वर बदलणारी अशी सुटसुटीत हार्प डब्लिनच्या जॉन ईगनने १८२०च्या सुमारास बनवली. त्याआधीच्या जुन्या आयरिश हार्पला धातूच्या तारा असत. तुमची बहुधा नायलॉनची असेल.

आता रागांचं. तारांमध्ये लाल ती ‘सी’, म्हणजे आपली पांढरी एक, आणि काळी किंवा निळी ती ‘एफ’. लाल तार सा धरा. सगळे लिव्हर खाली असताना अशी हार्प बहुधा काळी दोनच्या मेजर सप्तकात लावतात. मग ग, ध, नी कोमल मिळतात, लिव्हर वर केला की शुद्ध. मध्यम शुद्ध असतो, तो तीव्र होतो. बिलावल, खमाज, काफी, आसावरी, कल्याण असे पाच थाट एवढ्यावरच झाले. अडतो तो कोमल रिषभ. त्यासाठी रे च्या सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून लावा. आता खाली कोमल रे, वर शुद्ध रे, आणि भैरवी, भैरव, तोडीसकट दहाही थाट हाताशी आले! मला या वाद्यातली ही सोय फार आवडते. फक्त आधी सगळ्या तारांना लिव्हर आहेत ना, ते पाहा. काही छोट्या हार्पना ते सी आणि एफच्या तारांनाच असतात.

देससारख्या रागात दोन्ही निषाद लागतात. लिव्हर प्रत्येक तारेचा वेगळा असल्याने मंद्रात एक आणि मध्य सप्तकात दुसरा ठेवता येतो. एकाच सप्तकात दोन्ही हवे असतील तर वाजवता वाजवता डाव्या हाताने लिव्हर हलवावा लागतो. मींड मात्र विसरा. दरबारीचा आंदोलित गंधार इथे निघणार नाही, त्याचा हट्ट धरू नये. पेटीवाल्याला ही मर्यादा नवी नाही.

सुरुवात भूपाने करा. रे, ग, ध शुद्ध होतील असे त्यांचे लिव्हर ठेवा. मध्यमाची काळी तार आणि लाल तारेच्या लगत खालची निषादाची तार, या दोन वर्ज्य; बाकी सगळा भूप. पहिल्याच दिवशी आवाज गोड येईल. खरा अभ्यास तारा थांबवण्याचा आहे, कारण छेडलेली तार बराच वेळ वाजत राहते आणि पुढच्या स्वरात मिसळते. तळहात हलकेच टेकवून ती कधी मिटवायची, हे पेटीवर शिकायला मिळत नाही.

हे वाद्य आपल्याला अगदी परकं नाही. समुद्रगुप्ताच्या नाण्यावरची वीणा याच कुळातली, धनुष्याकृती आहे, आणि मंडला भागातल्या परधानांचा बीनबाजाही.

रोज वाजवण्याआधी लिव्हर खाली करून सूर लावा; ठेवतानाही ते खालीच असू द्या. पावसाळ्यात सूर जास्त हलतील, पण तारा सैल करून ठेवू नका. प्रत्येक तारेची जाडी आणि लांबी वेगळी असते, सतारीची तार तिथे चालत नाही. मुलीला पुढच्या वेळी तारांचा एक पूर्ण संच आणायला सांगा.