लेसर आणि दाताचे कवच
दात कोरण्याच्या यंत्राचा आवाज ऐकून मुले भेदरतात. मग रत्नागिरीत लेसर का नको, असे हितचिंतक विचारतात. २९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अर्बियम लेसर एनॅमलमधील अत्यल्प पाण्याची क्षणात वाफ करतो आणि त्या दाबाने कवचाचे सूक्ष्म कण उडतात. अमेरिकेत १९९७ साली या वापरास मान्यता मिळाली. कंप नाही, वेदनाही बहुधा कमी. वेळ मात्र अधिक लागतो आणि पूर्वी भरलेली चांदी याने काढता येत नाही. शिवाय दाताच्या रंगाचे भरण घट्ट धरावे म्हणून बुओनोकोर यांनी १९५५ साली दाखविलेला फॉस्फोरिक आम्लाचा लेप लेसरनंतरही देणेच इष्ट. भयभीत बालकासाठी लेसर खचितच उपकारक आहे. भरण टिकण्यासाठी मात्र आमची भिस्त त्या स्वस्त आम्लावर आणि कोरड्या राखलेल्या दातावरच आहे.