सम्यक आजीविका आणि न्याय्य व्यापार : काही देशांतील विक्रीचा तौलनिक अभ्यास

आर्य अष्टांगिक मार्गाचे पाचवे अंग सम्यक आजीविका होय. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे अंगुत्तर निकायात सांगितले आहे. सिगालोवाद सुत्त आणखी पुढे जाते. मालकाने नोकराला शक्तीप्रमाणे काम, योग्य अन्न व वेतन, आजारपणात शुश्रूषा आणि वेळेवर सुट्टी द्यावी, असे ते सांगते. म्हणजे माल कोणता, एवढेच पाहून भागत नाही. तो कोणाच्या श्रमातून कसा आला, हेही पाहावे लागते.

आजच्या जगात हा विचार 'फेअरट्रेड' म्हणजे न्याय्य व्यापार या नावाने ओळखला जातो. १९८८ साली नेदरलँड्समध्ये 'मॅक्स हावेलार' हे चिन्ह मेक्सिकोतील लहान शेतकऱ्यांच्या कॉफीवर प्रथम लागले. यात दोन गोष्टी मुख्य आहेत. पहिली, किमान भाव. २०२३ पासून धुतलेल्या अरेबिका कॉफीसाठी हा भाव पौंडाला १ डॉलर ८० सेंट ठरला. बाजार कोसळला तरी भाव त्याखाली जात नाही. दुसरी, २० सेंटचा जादा निधी. तो शाळा, पाणी की दवाखाना यांपैकी कशावर खर्चायचा, हे उत्पादकांची संस्था ठरवते.

जागतिक विक्री २००७ मध्ये सुमारे २.३ अब्ज युरो होती. २०१३ मध्ये ती ५.५ अब्ज आणि २०१७ मध्ये सुमारे ८.५ अब्ज झाली. परंतु सर्व देशांची वाटचाल सारखी नाही.

१) स्वित्झर्लंड : दरडोई खरेदीत हा लहान देश अनेक वर्षे आघाडीवर राहिला. तेथील मिग्रो आणि कोऑप ही दोन्ही मोठी दुकाने ग्राहकांच्या सहकारी संस्था आहेत. त्यांनी हा माल रोजच्या फळीवर ठेवला.

२) ब्रिटन : येथे वाढ झपाट्याने झाली. २००७ मध्ये सेन्सबरीने आपली सर्व केळी फेअरट्रेड केली. मात्र दुकानांत स्वस्ताईची चढाओढ लागली आणि २०१४ मध्ये विक्री प्रथमच घटली. २०१७ मध्ये सेन्सबरीने स्वतःच्या चहावरील चिन्ह काढून आपली वेगळी योजना आणली. निधीवरचा आपला हक्क जाईल, म्हणून आफ्रिकेतील चहा उत्पादकांनी तिला विरोध केला.

३) भारत : आपण प्रामुख्याने माल पाठवणारे. देशातील ग्राहकांसाठी फेअरट्रेड इंडियाचे काम २०१३ मध्ये सुरू झाले.

यावरून असे दिसते की, ग्राहकाची दया एकटी पुरत नाही. संघटित ग्राहक आणि संघटित उत्पादक असतील, तेथेच न्याय टिकतो. निर्णय एकट्या व्यापाऱ्याच्या हाती गेला, की चिन्ह पुसले जाऊ शकते.

आता नाशिककडे पाहू. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडल्याने भारतीय द्राक्षे युरोपात अडकली आणि बागायतदार बुडाले. आज युरोपात जाणाऱ्या द्राक्षांच्या बागेची नोंद असते, घडातील औषधाचा अंश प्रयोगशाळेत तपासला जातो. पण पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडला येऊन छाटणी, विरळणी आणि डिपिंग करणाऱ्या मजुराला काय मिळाले, हे त्या अहवालात लिहिलेले नसते. फळ निर्विष ठरते. आजीविका सम्यक ठरली का, हा प्रश्न उरतो.

याचे उत्तर शोधायला दूर जायला नको. आपल्या त्रिरश्मी लेण्यातील दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज झाले २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब बरोबर जुळतो, आणि तो सर्वांनी वाचावा म्हणून दगडात कोरलेला आहे. रक्कम, दर आणि लाभार्थी या तिन्ही गोष्टी उघड!

म्हणून विद्यार्थ्यांनी यंदा एक काम करावे. आपल्या जवळच्या बागेत स्त्री आणि पुरुष मजुरांची रोजंदारी, ठेक्याचा दर आणि वाहतुकीचा खर्च यांची नोंद करावी व ती संस्थेच्या सभेत वाचावी. सभासदांनीही बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमासाठी चहा-साखर घेताना दुकानदाराला एकदा विचारावे, "हा माल कोठून आला?" सम्यक आजीविकेचा अभ्यास या प्रश्नापासून सुरू होतो.