उपाशी उंदरिणीच्या गर्भाशयाने शिकवलेलं

१. आधी दिवस नीट मोजा. उंदरिणीचं गरोदरपण जेमतेम १९ ते २१ दिवसांचं. सकाळी योनिमार्गात मीलनाची खूण असलेली पांढरट, घट्ट गुठळी दिसली की आमच्या प्रयोगशाळेत तो पहिला दिवस. चौथ्या दिवशी रात्रीच्या सुमारास गर्भ गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो. एक दिवस चुकला तर स्लाइडवर वेगळीच ऊती दिसते.

२. खाणं निम्मं दिलं म्हणजे नेमकी निम्मी भूक दिली, असं होत नाही. उंदीर मुख्यतः रात्री खातात. मी सकाळी खाद्य टाकायचे, भुकेल्या माद्या ते लगेच संपवायच्या आणि पुढे रात्रभर कडकडीत उपास. दोन महिने मी ‘कमी आहार’ लिहीत होते, प्रत्यक्षात त्यात उपासही मिसळला होता. ते आकडे मी बाजूला काढले.

३. पिल्लांची वजनं घेऊन थांबू नका. मी वर्षभर तेवढंच केलं, त्याची अजून चुटपुट लागते. गर्भ रुजला की अस्तरातल्या साध्या पेशी फुगतात, एकमेकींना बिलगतात, काहींत दोन केंद्रकं दिसतात, ग्लायकोजेन साठतं. त्यांच्यामधले कोलॅजेनचे धागे तर कमालीचे जाड होतात. ही डेसिड्युआ. वार पुरती तयार होण्याआधी गर्भाची भिस्त हिच्यावर असते, म्हणून आईच्या उपासमारीचा माग आधी इथे शोधायला हवा.

४. फिका रंग दिसला म्हणून हुरळू नका. अर्धपोटी माद्यांच्या अस्तरात ग्लायकोजेनची किरमिजी छटा फिकी दिसली, तेव्हा मी मार्गदर्शक बाईंकडे धावत गेले. त्यांनी शांतपणे विचारलं, “पोटभर खाणाऱ्यांच्या स्लाइड पाहिल्यास?” त्याही फिक्याच होत्या. ऊती द्रावणात टाकायला मी उशीर करत होते, तोवर ग्लायकोजेन विरून जात होतं. तेव्हापासून दोन्ही गटांच्या ऊती एकाच दिवशी, एकाच हाताने. शिवाय डायास्टेज या विकराने ग्लायकोजेन काढून टाकलेली एक स्लाइड तुलनेसाठी शेजारी.

५. उंदरिणीवरून बाईचा हिशेब मांडू नका. पंचवीसेक ग्रॅमच्या जीवाला एक दिवसाचा उपास फार जड जातो. बायकांसाठी बायकांचाच अभ्यास लागतो. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३पासून तो केला. तिथल्या बाळांचं सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होतं. पालेभाज्या, फळं, दूध अधिक वेळा खाणाऱ्या आयांची बाळं थोडी मोठी आढळली.

माझी भाची गरोदर असताना “मावशी, मी किती खाऊ?” म्हणून विचारत आली. स्लाइडबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. डब्यात पालेभाजी किती वेळा असते, ते विचारलं.